पुळण पावसाळ्यात कुठे जाते, आणि बंधारा घालण्याआधी काय मोजायचं?

खाडीमुख (धागाकर्ता)

कोकणातल्या किनारी गावांतून दर जुलैत एक मागणी वर येते: समुद्र आत येतोय, धूपप्रतिबंधक बंधारा द्या. काही ठिकाणी ती अगदी रास्त असते. बऱ्याच ठिकाणी मात्र चाललेली असते ती पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याची, वर्षाची ये-जा, आणि तिच्या वाटेत दगड पडले की खरी धूप सुरू होते. या दोन्हींतला फरक ओळखायचा कसा, यावर तपशिलात बोलू या.

आधी काय घडतं ते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा उंच असतात आणि एकीमागे एक लगोलग येतात. वर चढताना जेवढी वाळू आणतात त्याहून जास्त उतरताना ओढून नेतात. ती वाळू थोड्या खोल पाण्यात किनाऱ्याला समांतर दांडा होऊन बसते. मग मोठ्या लाटा त्या दांड्यावरच फुटू लागतात आणि पुळणीवरचा मारा कमी होतो. या दांड्यासाठी लागणारी वाळू पुळणीच्या माथ्यातून आणि मागच्या वाळूटेकडीतून निघते, म्हणून टेकडीची समुद्राकडची बाजू पावसाळ्यात उभी कापली जाते. ऑक्टोबरनंतर बुटक्या, लांब अंतराने येणाऱ्या लाटा तीच वाळू परत आणतात. मोकळ्या पुळणीची पातळी मे आणि ऑगस्टमध्ये एक-दोन मीटरने वेगळी असणं यात नवल नाही.

दुसरी गोष्ट कोकणापुरती. आपली पुळण सलग नाही. दोन भूशिरांच्या मध्ये अडकलेले छोटे छोटे कप्पे आहेत. नद्यांचा बराचसा भरड गाळ खाड्यांतच बसतो, आणि किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांच्या चुऱ्याचा वाटा मोठा असतो. एका कप्प्यातून डंपरने उचललेली वाळू शेजारच्या कप्प्यातून भरून येत नाही.

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रह चित्रांवरून किनारा तपासला. देशाच्या मुख्य भूमीचा साधारण एक तृतीयांश किनारा धुपतोय. महाराष्ट्रात हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास आहे आणि बहुतेक किनारा स्थिर आहे. पण राज्याची सरासरी घेऊन एखाद्या गावाचा निर्णय करता येत नाही. गावाला स्वतःचे आकडे लागतात.

माझं म्हणणं एवढंच: मे महिन्यातली पुळण पाहून आखलेलं कुठलंही काम ऑगस्टमध्ये उघडं पडतं. मोजणी, बंधारे, टेकड्या, परवानग्या यांतलं ज्याला जे माहीत आहे त्याने नेमकं लिहा.


मोजदाद

मोजणीपासून सुरू करतो. महागडं यंत्र लागत नाही. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली दोन काठ्यांची पद्धत गावातली शाळासुद्धा करू शकते.

लागतं काय: दीड मीटर उंचीच्या दोन सरळ काठ्या, वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या. मध्ये दोन मीटरची न ताणणारी दोरी. काठ्यांच्या बुडाला तळहाताएवढी पत्र्याची चकती, नाहीतर ओल्या वाळूत काठी रुतते आणि प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन सेंटिमीटरची चूक साचत जाते. तीस टप्प्यांत ती चूक मोजायच्या फरकाएवढी होते.

सुरुवात अशा ठिकाणाहून करा जे पंधरा वर्षांनी पण हलणार नाही. देवळाची पायरी चालेल, विहिरीचा कठडा चालेल. माड किंवा कुंपणाचा खांब नको. तिथून समुद्राकडे एक ठरलेली दिशा धरा, मागच्या दोन ठळक खुणा एका रेषेत ठेवून. एक काठी जमिनीकडे, दुसरी दोन मीटर पुढे समुद्राकडे. पुढे उतार असेल तर पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत दिसेल अशी नजर लावा. ती रेषा मागच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते तितकी जमीन उतरली. पुढे चढ असेल तर उलट: मागच्या काठीचं टोक आणि क्षितिज जुळवा आणि पुढच्या काठीवर वाचा. पाण्यापर्यंत असं जात राहायचं. प्रत्येक आकडा चढ-उताराच्या चिन्हासह लिहा. चिन्ह विसरलं की वही वाया जाते.

पावसाळ्यात क्षितिज दिसत नाही. तेव्हा गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

आकडेमोड सोपी आहे. ६० मीटर रुंद पुळण सरासरी ०.८ मीटर खाली गेली, तर किनाऱ्याच्या दर मीटरला ४८ घनमीटर वाळू हलली. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा दर मीटरला सुमारे १७ ब्रास. १०० मीटर लांबीत १,७०० ब्रास. ही वाळू नुसती पाण्याखालच्या दांड्यात गेली, की कायमची हरवली, ते डिसेंबर ते मेच्या मोजण्या सांगतात.

एकाच वर्षावर निष्कर्ष काढू नका. मेची मोजणी मेशी आणि ऑगस्टची ऑगस्टशी ताडून पाहा, निदान पाच वर्षं. मे-मे स्थिर असेल आणि नुसती ऑगस्टची पातळी खोल जात असेल तर ते वाईट पावसाळे आहेत. दोन्ही खाली जात असतील तर वाळू कप्प्याबाहेर चालली आहे.

शिवाय माथ्यावर एक मीटरचा खड्डा खणून बघा. काळ्या, जड वाळूचा पातळ थर लागतो. इल्मेनाइटची घनता ४.७ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५. जोरदार लाटा हलकी वाळू नेतात, काळी मागे ठेवतात. तो थर म्हणजे पूर्वीच्या एखाद्या मोठ्या उधाणात पुळण कुठवर खाली गेली होती त्याची खूण. रत्नागिरी परिसरात हे फार स्पष्ट दिसतं.


दगडगोटा

मोजदाद यांनी लिहिलेल्या ऑगस्टच्या पातळीवरच बंधाऱ्याचं सगळं अवलंबून असतं. बहुतेक बंधारे वरून फुटत नाहीत, पायातून बसतात.

भिंतीवर आपटलेली लाट परत फिरते आणि पायथ्याशी वाळू उकरते. ढोबळ नियम असा की हा उकीर, म्हणजे उकरून झालेला खड्डा, जास्तीत जास्त लाटेच्या उंचीएवढा खोल जाऊ शकतो. तिथे दोन मीटरची लाट पोचत असेल तर पाया ऑगस्टच्या पातळीच्या दोन मीटर खाली हवा, किंवा पुढे दगडांचा रुंद पदर हवा, जो उकीर पडला की त्यात घरंगळून तो बुजवेल. मे महिन्यात खणलेला दीड मीटरचा पाया कागदावर खोल दिसतो, पण ऑगस्टमध्ये तो उघड्यावर असतो.

दगडाचं वजन हडसनच्या सूत्राने काढतात. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या पटीत वाढतं. उतार दोनास एक, ओबडधोबड बेसाल्ट, फुटणारी लाट दोन मीटरची धरली तर एकेक दगड सुमारे १.२५ टनाचा लागतो. लाट अडीच मीटरची झाली की २.४ टन. तीन मीटरला ४ टनांच्या वर. अंदाजात अर्ध्या मीटरची चूक झाली की दगड निम्म्या वजनाचे पडतात.

जांभा वापरू नका. त्याची घनता २.१ धरली तर त्याच दोन मीटर लाटेला साडेतीन टनांहून मोठा चिरा लागतो, कारण पाण्यात त्याचं उरलेलं वजन फार कमी. वर तो झिजतो, ते वेगळंच.

थर असे: तळाला जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर बारीक दगड, मग मुख्य दगडाच्या दहाव्या भागाएवढ्या वजनाचा थर, वर मुख्य दगडाचे दोन थर. कापड किंवा गाळणीचा थर वगळला की मागची माती प्रत्येक ओहोटीला दगडांच्या फटींतून बाहेर येते, मागे पोकळी होते आणि एके दिवशी रस्ता खचतो. वरून बंधारा शाबूत दिसत असतो.

शेवटचा मुद्दा टोकांचा. बंधारा जिथे संपतो तिथे पुढच्या १००-२०० मीटरमध्ये धूप वाढते. म्हणून टोक नैसर्गिक खडकात नेऊन टेकवा, किंवा जमिनीकडे वळवून आत पुरा. निधीच्या टप्प्याप्रमाणे बंधारा मध्येच संपवला की पुढच्या वाडीचं नुकसान ठरलेलं.


आगरकर_वाडी

टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टाकले तर हे सगळं टळत नाही का? मुंबईत तर चांगले टिकलेत.


दगडगोटा

टेट्रापॉड १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झाला. पाय एकमेकांत अडकतात म्हणून हडसनच्या सूत्रात त्याचा गुणांक ७ धरतात, ओबडधोबड दगडाचा २. त्यामुळे कमी वजनात भागतं. पण तो अडकण्याचा फायदा दोन थर नीट रचले तरच मिळतो. वाळूवर नुसती एक रांग टाकली तर ते एकेक करून रुततात, आणि दोन पावसाळ्यांत वर टोकं तेवढी दिसतात. मरीन ड्राइव्हला मागे भक्कम भिंत आहे आणि तिथे वाचवायची पुळणच नाही. तुमच्या वाडीपुढे पुळण हवी असेल, होड्या ओढायच्या असतील, तर टेट्रापॉड तिला परत आणत नाही. परतणारी लाट थोडी मवाळ होते, एवढंच.


मर्यादवेल

बंधाऱ्याआधी मागच्या टेकडीकडे बघा, कारण पावसाळी दांड्याला वाळू तीच पुरवते. ती सपाट करून वाहनतळ केला की तेवढी वाळू हिशेबातून गेली.

टेकडी परत उभी करायची पद्धत: जानेवारी ते मे दुपारचा वायव्येचा वारा कोरडी वाळू उडवतो, म्हणून कुंपण नोव्हेंबर-डिसेंबरात तयार हवं. बांबूच्या कामट्या किंवा माडाच्या झावळ्या, उंची एक मीटर, साधारण निम्मा भाग उघडा. घट्ट विणलेलं कुंपण वारा अडवतं, पण मागे भोवरा होऊन वाळू उकरली जाते. जागा: मागच्या पावसाळ्यातल्या पाण्याच्या खुणेच्या वर. त्याच्या खाली लावलं तर पहिल्या उधाणात जातं. सलग ओळ घालू नका, तीन-तीन मीटरचे तिरके तुकडे मध्ये वाट सोडून लावा. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंड्यांसाठी वर येतात, सलग कुंपणाला अडून परत जातात. दोन तृतीयांश बुजलं की त्यावर दुसरं कुंपण.

पहिला पाऊस पडला की लागवड. पुढच्या बाजूला मर्यादवेल आणि रावणाच्या मिश्या हे गवत. मर्यादवेलीचे अर्धा मीटर लांबीचे, चार पेरांचे तुकडे घ्या, दोन पेरं ओल्या वाळूत आडवी पुरा, दोन वर ठेवा, तुकड्यांत अर्धा ते एक मीटर अंतर. वाळू अंगावर पडली की वेल नव्या पेरांना मुळं सोडत वर येते, हेच हवं आहे. मागे निर्गुंडी आणि केवडा, त्याच्या मागे उंडी आणि करंज.

पायवाट समुद्राकडे सरळ काढू नका. वारा त्या खिंडीतून शिरतो आणि टेकडी मधोमध फाटते. वाट तिरकी, वळण घेऊन. सुरूचं झाड या भागात अजिबात नको.


आगरकर_वाडी

सुरूला सरसकट नको म्हणणं पटत नाही. खारा वारा सुरूनेच अडतो, आणि सुपारी-माडाच्या बागा त्याच्या आडोशाला उभ्या आहेत.


मर्यादवेल

वाऱ्याचा मुद्दा बरोबर, म्हणून जागा वेगळी करून सांगते. टेकडीच्या मागच्या सपाटीवर, बागेच्या कडेला सुरू चालेल. पुढच्या उतारावर नको. त्याच्या सुयांचा जाड थर आणि सावली यांमुळे खाली वेल-गवत वाढत नाही, त्यामुळे वाळू धरणारं काही राहत नाही. मुळं उथळ असतात. लाटेने पायथा कापला की झाड मुळांसकट आडवं होतं आणि जाताना मोठा ढेकूळ घेऊन जातं. शिवाय त्या मुळांच्या जाळ्यात कासवाला खड्डा करता येत नाही. त्याला अर्धा मीटरभर खोली लागते.


खाडीमुख

मर्यादवेल यांच्या माहितीबद्दल आभार. आता खाडीच्या तोंडाबद्दल, कारण सगळ्यात अवघड जागा तिथेच असतात.

मालवणजवळच्या देवबागचंच घ्या. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे तोंडापर्यंत गेलेली. पलीकडे भोगवे. अशा पट्टीबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, मोठ्या उधाणात पाणी पट्टीवरून पलीकडे जातं तेव्हा वाळू माथ्यावर आणि खाडीच्या बाजूला टाकतं, त्यामुळे पट्टीची उंची राखली जाते. समुद्राकडे बंधारा घातला की हे थांबतं. घरं असलेल्या पट्टीवर पाणी येऊ द्या असं कोणी म्हणणार नाही, पण बंधाऱ्याचा हा खर्च माहीत असायला हवा. दोन, खाडीचं तोंड जागा बदलत राहतं. प्रवाह कधी या काठाला लागतो, कधी त्या. तोंडावरची वाळूची बेटं दर पावसाळ्याला सरकतात. अशा बेटावर पक्कं काही उभारण्यात अर्थ नाही, आणि तिथला उपसा म्हणजे पट्टीच्याच साठ्यातून काढणं.

तोंड गाळाने भरतंय अशी तक्रार होड्यावाल्यांची सगळीकडे असते. गाळ काढला की दोन वर्षांत पुन्हा भरतं. कारण बऱ्याचदा वरच्या अंगाला सापडतं. भरतीला खाडीत जेवढं पाणी शिरतं तेवढंच ओहोटीला जोराने बाहेर पडतं आणि तोंड मोकळं ठेवतं. खारभूमीच्या बांधांनी १०० हेक्टर खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती सखल जमीन) तोडलं, आणि तिथे उधाणाला सरासरी एक मीटर पाणी चढत असेल, तर उधाणाच्या प्रत्येक भरतीला १० लाख घनमीटर पाणी कमी आलं. ओहोटीचा जोर तेवढा घटला. खारबांध भातासाठी घातलेले आहेत आणि जिथे शेती चालू आहे तिथे ते राहायला हवेत. पण कित्येक ठिकाणी बांध फुटलेत, शेती सुटली आहे आणि कांदळवन परत आलं आहे. तिथे लाखो रुपये खर्चून पुन्हा बांध घालण्यापूर्वी खालच्या बंदरावर काय होईल ते तपासावं.


जाळंपागं

जिओट्यूबबद्दल कोणी लिहा. आमच्याकडे तोच प्रस्ताव आहे.


दगडगोटा

वाळूने भरलेल्या कापडी नळ्या. दगडापेक्षा लवकर होतात आणि नको असतील तेव्हा फाडून वाळू तिथेच सोडता येते, हा खरा फायदा. बिघडतं ते असं: नळी पुळणीच्याच वाळूने भरतात, म्हणजे पुळणीची वाळू पिशवीत गेली आणि पुळण उतरली. भरण बाहेरून, समुद्रातून आणायची अट निविदेत लिहून घ्या. नळी भरल्यावर वर्तुळाकार राहत नाही, चपटी होते. उंची व्यासाच्या साधारण ६० टक्के धरा. तीन मीटर व्यासाची नळी म्हणजे तीन मीटर उंची नव्हे. खाली उकीर-विरोधी कापडाचा पदर हवा, नाहीतर नळी समुद्राकडे लोळते. उन्हाने कापड कमकुवत होतं, म्हणून वर वाळू किंवा आवरण हवंच. होडीच्या नांगराने किंवा कोयत्याने एक भोक पडलं तरी भरतीगणिक वाळू सांडत जाते. दर पंधरवड्याला फेरी आणि शिवायचं साहित्य जवळ, एवढी तयारी नसेल तर प्रस्ताव नाकारलेला बरा.

पाण्याखालचा बांध हाही पर्याय आहे. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बांधलेल्या बंदराच्या भिंतींनी उत्तरेकडे जाणारी वाळू अडवली आणि शहरापुढची पुळण गेली. २०१८ मध्ये तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा बांध घातला आणि वाळू टाकली, तेव्हा पुळण परत दिसू लागली. पण तिथे किनाऱ्यालगत वाळूचा मोठा, एकाच दिशेचा प्रवाह आहे. कोकणातल्या बंद कप्प्यात तो नाही, त्यामुळे अडवायला वाळू कुठून येणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

आणि नुसती वाळू टाकायची म्हटलं तर: पुळण एक मीटर रुंद करायला दर मीटर लांबीला ६ ते ८ घनमीटर लागते, कारण पाण्याखालचा उतारही भरावा लागतो. एक किलोमीटर पुळण ३० मीटरने वाढवायची तर दोन लाख घनमीटरच्या घरात, म्हणजे ७० हजार ब्रासच्या वर. नेदरलँड्सनी २०११ मध्ये एका जागी सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर टाकली, पण त्यांच्याकडे उथळ समुद्रतळाची वाळू आणि कायमचे ड्रेजर आहेत.


कडाकपारी

पुळणीशिवाय कडेही आहेत, त्यांचा उल्लेख राहतोय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर जांभ्याचं टोपण, खाली मऊ शेडी, म्हणजे चिकणमातीसारखा थर. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून शेडीवर साठतं, लाट पायथ्याची शेडी खाते, आणि वरचा जांभा घराएवढ्या ठोकळ्यांनी खाली येतो. हरिहरेश्वरला बेसाल्टमध्ये लाटांनी कोरलेला सपाट ओटा आणि त्यातली रांजणखळगी दिसतात. तिथे झीज फार संथ आहे. जांभ्याच्या कड्यावर तो भरवसा धरू नका.

धोक्याची खूण: कडेला समांतर भेग, तिच्यात पावसाळ्यात पाणी मुरणं, कड्याच्या मधोमध ओलसर पट्टा. शोषखड्डा, पोहण्याचा तलाव किंवा बागेचं पाणी कडेजवळ नको. कड्याच्या उंचीएवढं अंतर तरी मोकळं सोडा, ते किमान. पायथ्याला दगड टाकून फायदा तेव्हाच जेव्हा वरचं पाणी आधी वळवलेलं असतं.


परवाना_फाइल

कायद्याचं थोडक्यात. सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. वाळूटेकड्या, कांदळवनं, कासवांच्या विणीच्या जागा सीआरझेड-१ अ मध्ये येतात. ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त वस्ती असेल तर ना-विकास पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर. सक्रिय वाळूटेकड्या सपाट करायला मनाई आहे. धूप रोखण्याच्या कामांना वाव आहे, पण किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी लागते.

ग्रामसभेने ठराव करताना "बंधारा मंजूर करावा" एवढंच लिहू नये. मे आणि ऑगस्टच्या मोजण्यांतून आलेले पुळणीचे छेद, टोकांची जागा, शेजारच्या गावाचं म्हणणं आणि देखभालीचा खर्च कोण करणार, हे ठरावात असेल तर तांत्रिक छाननीत त्याला वजन येतं.


जाळंपागं

मोजदाद, एक शेवटचं विचारतो. मोजायला कोणता दिवस धरायचा? पौर्णिमेला संध्याकाळी ओहोटी चांगली लागते, पण समोर सूर्य येतो.


मोजदाद

पौर्णिमेऐवजी द्वितीया-तृतीया धरा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब तुम्हाला माहीत आहेच. द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सात-सव्वासातला. सूर्य पाठीमागे असतो, क्षितिज स्वच्छ दिसतं आणि मतलई वाऱ्यामुळे समुद्र शांत असतो. उधाणाचा सर्वांत मोठा फरकही पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीच येतो, त्यामुळे पाणी जास्त मागे हटलेलं मिळतं. ओहोटीच्या तासभर आधी वरून सुरुवात करा, म्हणजे पाण्यापाशी पोचेपर्यंत ते सगळ्यात खाली असेल. वहीत तारीख, तिथी, वेळ आणि आदल्या तीन दिवसांतली लाटांची स्थिती लिहा. एप्रिल-मेमध्ये वारा नसताना दूरच्या दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा येऊन पुळण दोन दिवसांत कापतात. इन्कॉइस ही केंद्र सरकारची समुद्राची माहिती देणारी संस्था त्याचा इशारा देते. तसा इशारा असेल तर मोजणी पुढच्या पंधरवड्यावर ढकला.